चौदा भाषणं

खासदार : चकार शब्द काढला नाही म्हणे! आज भर सभागृहात मंत्र्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, नदीवर पूल हवा असं आजवर इथे कुणी बोललंच नाही. नऊ वर्षं मी शेवटच्या बाकावर काय माशा मारत होतो?

बाई : साहेब, आवाज जरा खाली. पलीकडे सकाळचं कामकाज टाइप होतंय. ही घ्या तुमची नऊ वर्षांतली भाषणं. चौदा आहेत.

खासदार : पुलाचं काढा त्यातलं.

बाई : शोधलं. नाहीये.

खासदार : नाहीये? म्हणजे कुणीतरी कापलं! सगळे एका माळेचे मणी!

बाई : कापलं म्हणू नका हं. बावीस वर्षं इथे शॉर्टहँड लिहितेय, एक शब्द गाळलेला नाही. तुम्हीच वाचा.

खासदार : 'माननीय अध्यक्ष महोदय, मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आमच्या पक्षनेत्यांचे आभार...' हां, हे असतंच. पुढे?

बाई : पुढे दीड पान तेच. उपनेते, प्रतोद, मंत्र्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. मग कंसात 'घंटा'.

खासदार : आणि मग?

बाई : मग काही नाही. तुम्हाला तीन मिनिटं. घंटा झाली की माइक बंद, आणि माइक बंद झाल्यावरचं लिहायचं नाही असा नियम आहे.

खासदार : अहो, पण घसा फोडून बोललो होतो मी!

बाई : ऐकलंय ना. 'पूल, पूल' खाली आमच्या शॉर्टहँडच्या टेबलापर्यंत यायचं. मी पेन खाली ठेवून बसलेली.

खासदार : मग एकदा तरी सांगायचंत!

बाई : मी? सदस्यांना बोलायला शिकवलं असतं तर नोकरी राहिली असती का? माझ्यावर कसले चिडताय! एकदा ठीक, दोनदा ठीक. चौदा वेळा?

खासदार : आभार मानले नाहीत तर पुढच्या वेळी बोलायलाच देत नाहीत, बाई. तुम्हाला काय कळणार!

बाई : दिलं की बोलायला. चौदा वेळा. पूल झाला?

(खासदार खुर्ची ओढून बसतात.)

खासदार : परवा होडी उलटली. शाळेतले मास्तर गेले. त्यांची बायको म्हणाली, भाऊ, आमच्यासाठी काय बोललात तो कागद दाखवा. म्हणून आलो होतो मी. काय दाखवू तिला? वाढदिवसाच्या शुभेच्छा? लाज वाटते हो!

बाई : दुपारी बोलायचंय ना तुम्हाला?

खासदार : या वेळी दोनच मिनिटं. आज मागणी नोंदली गेली नाही तर पूल आणखी एक वर्ष लांबला.

बाई : सुरुवात कशी करणार?

खासदार : माननीय अध्यक्ष महोदय, मला संधी दिल्याबद्दल...

बाई : साहेब!

खासदार : जळली मेली जीभ! सवयच लागलीय तिला.

बाई : पुन्हा म्हणा.

खासदार : अध्यक्ष महोदय, होडीत तेरा जण होते.

बाई : हं. हे मला लिहिता येईल.