चाच्याच्या तोंडी सासूबाई

नाही नाही, थांब — मरू नकोस! एवढं मनापासून कुणी मरतं का रे? तू आवाज द्यायला आलायस, जीव द्यायला नाही. हा कप्तान म्हणजे विनोदी कॉम्प्युटर गेममधला समुद्री चाचा — तो मरतच नसतो. जहाजावरून ढकलला की चार बुडबुडे, आणि दुसऱ्या बाजूने दोर धरून हजर — 'पाणी गार आहे हो!' असल्या गोष्टीची रीतच ती. पेटीत खजिना नसतो, पोपटाला कप्तानापेक्षा जास्त अक्कल असते, आणि लढाई तलवारीने नाही, जिभेने जिंकायची. समोरच्याने टोमणा मारला की खेळणाऱ्याने चार उत्तरांतलं सगळ्यात झोंबणारं निवडायचं. चुकला की समुद्रात!

हे संवाद लिहायला कुठून सुचतं? मला कुठलं सुचतंय — घरी सासूबाई आहेत ना! लग्न झाल्यापासून आमची रोजची जुंपलेली. मी म्हणावं, 'आज मीठ बरोबर पडलंय' — त्या म्हणणार, 'हो, चुकून होतं कधीतरी.' मी आपली सगळं कप्तानाच्या तोंडी घालत गेले. फुकटचा माल! मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा. काय बोलणार? आम्हाला गोड बोलायची सवय कुठे होती? नवरा उशाशी बसून 'आई, बरं वाटतंय ना' करायचा — त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या. मग मी हे संवादच घेऊन बसायला लागले, दोन्ही बाजू मीच वाचायचे. एका दुपारी अडले. नायक म्हणतो, 'म्हाताऱ्या, तुझी तलवार गंजलीये!' — आणि पुढे कप्तानाला उत्तरच सुचेना. वाचतेय, पुन्हा वाचतेय — आणि पलंगावरून, वाकड्या तोंडाने, एकेक शब्द ओढत — 'गंजली... तरी... तुला... पुरेल.'

रडले? छे, आधी लिहून घेतलं! मग स्वयंपाकघरात जाऊन — बरं, जाऊ दे ते. तेव्हापासून निम्मे टोमणे त्यांचेच. पाणी मागायला शब्द सापडत नाही बाईंना, पण अपमान करायचा म्हटलं की जीभ सुटलीच! परवा डॉक्टर तपासायला वाकले, तर त्यांच्या टकलाकडे बघून म्हणतात, 'वर... नाही... आतही... नाही!' मी खूश, डॉक्टर माझ्याहून खूश.

शेवटची लढाई? ती आज नाही. माहितीये रे, सगळे माझ्यामुळे खोळंबलेत, साहेब सकाळीच ओरडून गेले. पण कप्तानाचं शेवटचं उत्तर सुचत नाहीये, त्याला मी काय — असा काय बघतोस? सुचलंय! कधीचंच सुचलंय. पण सासूबाईंना सांगितलंय, अडलंय म्हणून. सकाळी डोळे उघडले की आधी मला विचारतात, 'अडली... अजून... मेले?' — आणि लागतात कामाला. आता हे उत्तर मिळालं, खेळ संपला, तर उद्या सकाळी त्यांनी डोळे कशासाठी —

काही नाही. नीघ तू. आणि बाहेर कुणी विचारलं तर सांग, लेखिकाबाईंचं डोकं चालत नाही हल्ली.