शंभरातले दोन

काका : मजकूर मी लिहूनच आणलाय. तू फक्त खाली सही कर. 'गैरसमजुतीतून घडलं' एवढंच आहे त्यात. माफी हा शब्द मी घातलेलाच नाही.

मालविका : पण गैरसमज नव्हता, काका.

काका : असेल. संस्थेत असं लिहावं लागतं. तुला नेत्रालयात मीच लावलं, विश्वस्त म्हणून उद्या मलाच सभेत बसायचंय. सेक्रेटरी ढुंढिराजजी तुला काढून टाकायचा ठराव मांडणार. हा कागद हातात असला तर मला बोलायला तोंड राहील.

आई : भाऊजी, आधी बसा तरी. आल्यापासून उभेच आहात.

काका : बसतो, वहिनी. पण तुम्हीच हिला समजवा. दादा गेल्यावर हिला डॉक्टर करायचं म्हणून मी सगळ्यांशी भांडलो, ते हा दिवस बघायला?

आई : मला मंगला गौरीच्या देवळात जायची चोरी झालीय. परवा एकीनं विचारलं, तुमच्या मुलीनं म्हणे आंधळ्यांना हाकलून दिलं. काय सांगू मी तिला?

मालविका : काका, त्या दिवशी तुम्ही ग्वाल्हेरला होतात. तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं, मीच राहिले. आता ऐकता?

काका : सांग.

मालविका : मोतीबिंदूचं शिबिर, प्रमुख मी. हत्यारं आणि कपडे आम्ही डब्यात भरून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतो, दाबाच्या वाफेनं जंतू मरतात. डब्यावर एक पट्टी लावलेली असते. वाफ पुरती लागली तर तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. त्या सकाळी पट्टी कोरी होती. झाकण काढलं तर आतला कपडा ओला. रात्रभर बिजली येत-जात होती, प्रेशर चढलंच नव्हतं.

काका : मग पुन्हा लावायचं.

मालविका : लावलं की. व्होल्टेज इतकं कमी की काटा अर्ध्यावर जाऊन बसला. जनरेटर मी पावसाळ्यापासून मागत होते. तुमच्या सभेत ठरलं, आधी मंडप, उद्घाटनाचे पाहुणे मोठे आहेत.

काका : ते सोड. दिनानाथजींनी तोड काढली होती, असं मी ऐकलं.

मालविका : हो. ते वयानं मोठे डॉक्टर, मला शिकवलंय त्यांनी. म्हणाले, हत्यारं पाण्यात उकळ, वरून औषधाचे थेंब टाक आणि सुरू कर, आयुष्यभर अशीच शिबिरं केलीत. मी म्हटलं, सर, जंतू आत गेला आणि डोळा पिकला तर? तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "बेटी, सौ में दो तो जाते ही हैं."

काका : खोटं नाही बोलले बिचारे.

मालविका : खोटं नव्हतं, म्हणूनच मी म्हटलं, सर, मग हे बाहेर हॉलमध्ये येऊन सांगा. कोणता डोळा करायचा ते लिहिलेल्या पट्ट्या कपाळावर चिकटवून सगळे ओळीनं बसलेत. त्यांना सांगा, तुमच्यातल्या दोघांचा डोळा जाईल, कोणाचा ते आम्हाला ठाऊक नाही, आणि आज थांबलो तर तो वाचू शकतो.

आई : आले का ते?

मालविका : नाही, आई. हात धुवायला निघून गेले. मग मीच गेले हॉलमध्ये आणि जसं होतं तसं सांगितलं.

काका : हेच तर. ढुंढिराजजींचा राग त्यावरच आहे. बिजलीचं कारण सांगून शिबिर पुढे ढकललं असतं तर कोणाची अब्रू गेली नसती.

मालविका : बिजलीचं कारण सांगितलं असतं तर बिजली आल्याबरोबर तेच डबे उघडले असते, काका. मी ऑपरेशन थिएटरला कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली. पाहुण्यांची गाडी आली तेव्हा सेक्रेटरी माझ्या कानात म्हणाले, गप्प राहा. पाहुण्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं. ते गाडीतून पूर्ण उतरलेही नाहीत.

काका : आणि पेशंट? दुवा दिली त्यांनी तुला?

मालविका : शिव्या दिल्या. लोक गाजीपूर-चंदौलीहून आले होते. सैदपूरची एक म्हातारी होती, तिच्या नातीचं लग्न पंधरवड्यावर आलेलं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "त का भइल, अन्हार त अबहियों बा." आता तरी कुठे उजेड आहे, गेला तर गेला, तू कर.

आई : मग करायचं होतंस तिचं तरी. ती स्वतः म्हणत होती ना?

मालविका : तिला वाटत होतं, फार तर अंधार तसाच राहील. पिकलेला डोळा ठणकतो, आई. कधी तो काढून टाकावा लागतो. मी तिला समजावलं, पण ती हात सोडीना. शेवटी मीच सोडवून घेतला. ते मला अजून आठवतं.

काका : आता माझं ऐक. त्याच्या पुढच्या महिन्यात दिनानाथजींनी तेच शिबिर केलं. तेच ऑटोक्लेव्ह, तशीच उकळलेली हत्यारं. एकाचाही डोळा गेला नाही. मी पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवतो, प्रत्यक्षापुढे दुसरं प्रमाण नाही. मग धोका होता कुठे?

मालविका : कोणाचा गेला नाही हे ऐकून मी देवापुढे दिवा लावला. विचारा आईला.

आई : लावला खरा.

मालविका : पण काका, मी लहान असताना बालाजी घाटावर एकदा नाव काठोकाठ भरली होती. भादव्यातली गंगा. माझ्या सगळ्या मैत्रिणी बसल्या होत्या. तुम्ही पायऱ्यांवरून ओरडत आलात आणि मला दंडाला धरून उतरवलंत. नाव सुखरूप पलीकडे गेली. मी दिवसभर रडले. तुम्ही चुकला होतात का?

काका : तू माझी पुतणी होतीस.

मालविका : हॉलमध्ये बसलेल्यांचं कोणीच नव्हतं. डोळे त्यांचे, आणि 'दोन गेले तर चालतील' हे ठरवणार आपण. आपल्यातल्या एकाचाही डोळा त्या शंभरात नव्हता.

(काका कागदाची घडी घालतात, उलगडतात, पुन्हा घालतात.)

आई : त्या म्हातारीचं पुढे काय झालं गं?

मालविका : मी गेले होते सैदपूरला, होळीनंतर. तिला सरकारी इस्पितळात आणलं, तिथे माझी मैत्रीण वीणा आहे. आम्ही दोघींनी केलं ऑपरेशन. आता तिला दिसतं.

आई : मग तरी आशीर्वाद दिला असेल.

मालविका : नाही. डोळ्यावरची पट्टी सोडली तेव्हा माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तू तीच ना? नात सासरी गेली, नवरीच्या वेषात मला बघायला मिळाली नाही. तिचं बरोबर आहे. ते मी तिला परत देऊ शकत नाही. तरी उद्या डब्यावरची पट्टी कोरी निघाली तर मी पुन्हा कुलूप घालीन.

काका : म्हणजे सही नाहीच.

मालविका : नाही. काढायचं तर काढू देत. पण तुम्ही सभेत जाताच आहात, तर माझाही एक ठराव न्या. पट्टी कोरी असेल तर थिएटर बंद, आणि ते उघडायला सेक्रेटरीच काय, कोणीही सांगायचं नाही.

काका : अनुमोदनाला एक माणूस उठणार नाही. ठराव पडेल.

मालविका : पडू दे.

काका : तुझी नोकरीही जाईल, आणि कदाचित माझं विश्वस्तपदही.

आई : भाऊजी, मंगला गौरीतल्या त्या बाईला काय सांगायचं ते आता मला कळलं. तुमचं तुम्ही बघा.

काका : पेन दे इकडे. ह्याच कागदाच्या मागे लिहितो. सांग, हळू सांग.

मालविका : लिहा. आणि दिनानाथजी मागच्या खुर्चीवर बसतात, काका. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचा.