गाठ मारली उलट्या टोकाले

माह्यं माहेर धनजचं, भाऊ, अन् मले दिलं इथं मेडशीले, मोटरी भरनाऱ्याच्या घरी. मोटर भरनं म्हंजे जळालेला तार काढाचा न नवा तांब्याचा गुंडाळाचा. पोट्टीचे बाप भरत, मी पाहून पाहून शिकली, ते वारले तवापासून मीच भरत आली. शाळा नाई माही. म्हून हरेक कॉईलच्या, म्हंजे तारच्या वेटोळ्याच्या, सुरवातीच्या टोकाले सुताची गाठ माराची, हेच माह्यं लिवनं.

पोट्टी उज्ज्वला मंगरूळपीरले एसटीनं जाऊन-येऊन सायन्स शिकते. एकडाव तिले म्हनलं, करंट दिला का मोटर फिरते काहून व? तं म्हने, आई, करंट म्हंजे तारातून चालनारे बारीक बारीक कन, ते जागेवर उभे असले तं चुंबक त्यायले हात बी लावत नाई, चालले का आडवं ढकलते, उलटे चालले तं उलटं ढकलते, त्याच ढकलन्यानं मोटर फिरते. मी म्हनलं, चालत्यालेच ढकलते? मंग हे तं माह्यासारखंच झालं. हासली ते. मले नाई आलं हासू, थकली होती मी.

मांगच्या महिन्यात नामदेवभाऊ आले, वांगीवाले, विहिरीवरची मोटर जळाली म्हने, वांगी माना टाकून राह्यली, वहिनी, आजच देजा. ओट्यावरच बसले. भरली मी. आमची रीत हाये, मोटर जोडाच्या पहिले आत लोखंडाची गोळी टाकाची न करंट द्याचा, बराबर असलं तं गोळी आतून गोल गोल पळते. टाकली, तं पळेच ना, जागेवरच थरथरे. बटन बंद केलं. इतक्या वर्सांत असं नाई झालं, काय सांगू तुमाले, नामदेवभाऊ पाहून राह्यले अन् माह्याच्यानं मान वर होये ना.

उज्ज्वलानं एकेक टोक चाचपलं. म्हने, आई, या कॉईलची गाठ शेवटच्या टोकाले हाये, करंट उलटा चालून राह्यला, बाकीच्या इकडं ढकलतात तं हे तिकडं. मी चाचपलं, तं बोटायले गाठच समजे ना. लय दिवसापासून समजत नव्हती, भाऊ, मीच कोनाले सांगतलं नाई. भेव वाटे, हात गेले तं माह्यं काय राह्यलं.

तिनं टोकं बदलली, गोळी पळाली, मोटर जोडून दिली, नामदेवभाऊ गेले.

आता तार तेच गुंडाळते, टोकं बी तेच जोडते, मी निस्ता जळका तार काढाची धनी. ते शिकेल हाये, नंबर लिवू शकते, तरी गाठच मारते. दोरा मातर जाडा घेते, मले समजावा म्हून. बोटं सुखी राहो तिची.