पळणं बंद करायला आले नाही

लेक : ...आणि डॉक्टरांनी कागदावर लिहूनही दिलंय, आत्या. पळणं कायमचं बंद. ही म्हणते, अक्षर लागत नाही.

आई : नाहीच लागत.

आत्या : आधी चपला बाहेर काढा दोघी. आणि एकेकीने बोला. नेमकं दुखतं कुठे?

आई : कंबरेत, उजव्या बाजूला. तिथून मांडीत उतरतं. पहिले दोन किलोमीटर काही नाही, तिसऱ्याला कुरकुर, चौथ्याला आत कुणी सळई घातल्यासारखं.

लेक : गेल्या मंगळवारी रस्त्याच्या कडेला कठडा धरून उभी होती. दूधवाल्याने मला फोन केला. घरी आणलं तर जिना चढवेना. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बूट घालून तयार.

आई : तयार होते. गेले नाही.

लेक : वाकून नाडी बांधता आली नाही म्हणून गेली नाहीस.

आत्या : हाडांचा फोटो काढला?

लेक : काढला. हाडं ठीक आहेत म्हणे, वयाच्या मानाने. पण वय झालंय.

आई : त्रेपन्न. वन्सं, एक आधीच सांगते, म्हणजे नंतर वाद नको. मी पळणं बंद करायला आले नाही. दुखणं बंद करायला आलेय. तुमच्या योगासनांनी ते होत असेल तर सांगा, नाहीतर जिना उतरते. उतरताना एवढं दुखत नाही.

आत्या : चार वर्षांनी माझी पायरी चढलीस ती हे ऐकवायला?

आई : लेकीने आणलं. मी आपणहून आले नसते, हे तुम्हालाही माहीत आहे.

लेक : आत्या, तू तरी समजव तिला. या वयात लोक चालतात. चालण्यात काय वाईट आहे?

आई : काहीच नाही. मला पळायचंय.

आत्या : पोरी, तू खाली वाचनालयात जाऊन बस जरा.

लेक : भांडणार नाही ना तुम्ही?

आत्या : भांडायला श्वास लागतो. हिच्याकडे तो आहे कुठे? बोलताना बघ, खांदे कानाला टेकतायत. जा तू.

आई : गेली. आता बोला, काय बोलायचं ते.

आत्या : बोलायचं नाही, बघायचंय. उभी राहा. पाय जुळव. पुढे वाक, जमेल तेवढं. एवढंच?

आई : एवढंच.

आत्या : दहा किलोमीटर पळणाऱ्या बाईचा हात गुडघ्याच्या खाली जात नाही?

आई : कधी काम पडलं नाही तिकडे.

आत्या : अजून त्याच कारखान्यात आहेस?

आई : तिथेच. शाळेचे गणवेश शिवते. आठ तास मशीनवर, सत्तावीस वर्षं.

आत्या : म्हणजे आठ तास घडी घातल्यासारखी बसतेस आणि तीच घडी घेऊन पळतेस. मांड्यांचे सांधे आवळलेत. पोटात जोर नाही. सगळ्यांची कामं एकटी कंबर करतेय, म्हणून ती वैतागलीय. पळण्याने नाही दुखत तुझं. पळायची तयारी नाही म्हणून दुखतं.

आई : हे डॉक्टर का नाही म्हणाले?

आत्या : त्यांनी तुला वाकवून पाहिलं?

आई : फोटो पाहिला. माझ्याकडे पाहायला त्यांना सवड नव्हती.

आत्या : सहा आठवडे. रोज सकाळी सहाला यायचं. तोवर पळणं नाही.

आई : तीन.

आत्या : ही भाजी नाही, भाव करायला.

आई : चार. आणि चालायला जाणार. भरभर.

आत्या : पाच. आणि चालता चालता पळालीस तर मला कळेल, तुझी कंबरच चहाडी करेल. चल, हातांवर आणि गुडघ्यांवर ये.

आई : त्याआधी एक.

आत्या : आता काय?

आई : हे गेले त्या वर्षी तुम्ही चार माणसांत म्हणाला होतात, नवऱ्याला जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि ही विजार घालून रस्त्याने पळत सुटलीय. ते मागे घ्या. मग येते गुडघ्यांवर.

आत्या : वाटलं ते बोलले मी.

आई : अजून तसंच वाटतं?

आत्या : आज तू पाठ दाखवायला आलीयस. ती दाखव.

आई : पाठ मी कुणाला दाखवत नाही, वन्सं. दुखते म्हणून आलेय.

आत्या : मग ऐक. मागे काही घेत नाही मी. शिकवते. चालत असेल तर हात टेक.

आई : टेकते. पण विसरणार नाही.

आत्या : नको विसरूस. बोटं पसर. श्वास घेताना पोट खाली सोड, मान वर. श्वास सोडताना पाठ गोल, मांजर उठते तशी. अगं, सोड ना श्वास. कोंडून काय धरतेस?

आई : पळताना असाच असतो.

आत्या : तरीच.

(सहा आठवड्यांनंतर. तीच खोली, सकाळचे सात. बाकीच्या बायका निघून गेल्या आहेत.)

आत्या : चटई नंतर आवर. काल पळालीस ना?

आई : तीन किलोमीटर. पाच आठवडे उलटून गेले होते, मोजून.

आत्या : दुखलं?

आई : शेवटी जरा कुरकुरलं. तिथेच थांबले, कठड्यावर पाय टाकला आणि मांडी ताणली, तुम्ही दाखवली तशी. दहा श्वास. गेलं. लोक बघत होते.

आत्या : बघू देत.

आई : हे तुम्ही म्हणताय?

आत्या : मी मांडीबद्दल म्हणतेय. लेक काय म्हणाली?

आई : डॉक्टरांचा कागद तिने फ्रिजवर चिकटवलाय. त्याच्या कोऱ्या बाजूला मी तुमच्या वर्गाच्या वेळा लिहिल्या आणि उलटा लावला. तेव्हापासून अबोला आहे. पण काल नाडी बांधताना बघत होती. खुर्चीत न बसता बांधली, उभ्याने वाकून.

आत्या : मग रोज शेवटी पळून का जातेस? शवासन आलं की तुझी चटई गुंडाळलेली. मला दिसत नाही असं वाटतं का?

आई : कामाला जायचं असतं.

आत्या : साडेआठला जातेस. आत्ता सात वाजलेत. आज कुणी नाही बघायला. आडवी हो. डोळे मिट, दहा मिनिटं अजिबात हलू नकोस. तुझ्या पाठीला सगळ्यात जास्त तेच हवंय.

आई : नाही.

आत्या : म्हणजे?

आई : म्हणजे नाही. सेतुबंध पुन्हा दहादा करते. भुजंगासन सांगा, वाट्टेल ते सांगा. हे नाही करणार.

आत्या : लहान पोरीसारखा हट्ट करू नकोस. कारण काय?

आई : अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून अकरा महिने मी ह्यांना तसंच पडलेलं पाहिलंय. हात बाजूला, तळवे वर. मी वळवलं तरच ह्यांची कूस बदलायची. रोज पाठ बघायचे, कुठे लाल झालीय का. ते गेल्यावर मी पहिल्यांदा रस्त्यावर उतरले ना, ते व्यायामासाठी नव्हतं. माझं अंग हलतंय का, एवढंच बघायचं होतं. हललं. तेव्हापासून मी ते थांबू दिलेलं नाही आणि देणारही नाही. डॉक्टर म्हणोत, लेक म्हणो, तुम्ही म्हणा.

आत्या : हे मला माहीत नव्हतं.

आई : तुम्ही नव्हता तिथे.

आत्या : दोनदा आले होते मी.

आई : तीनदा. तिसऱ्यांदा फाटकातूनच परत गेलात. मी वर खिडकीत चादर वाळत घालत होते.

आत्या : पाहिलंस तू.

आई : हातात कापडी पिशवी होती. बराच वेळ उभ्या होतात.

आत्या : मी त्याला पोहायला शिकवलं होतं गं. सहा वर्षांचा होता. पाण्यात हात सुटला तरी हसायचा. वीस वर्षं मी लोकांच्या पाठी सरळ करतेय आणि त्या दिवशी मला चौदा पायऱ्या चढवेनात. मग तो गेला, आणि तू रस्त्याने पळताना दिसलीस. तुझे पाय चालत होते. माझे तर फाटकातच अडले होते. त्याचा राग तुझ्यावर काढला.

आई : एवढं तेव्हा बोलला असतात तर चार वर्षं वाचली असती.

आत्या : तू तरी कुठे बोललीस, मला पाहिलंस म्हणून?

आई : कुणाला बोलायचं?

आत्या : त्याला. विचारत असेल ना तो माझं.

आई : रोज. जीभ जड झाली होती, पण ताई आली का, एवढं कळायचं.

आत्या : मग? काय सांगायचीस?

आई : सांगायचे, येऊन गेल्या. तुम्ही झोपला होतात.

आत्या : रोज? माझ्यासाठी खोटं बोलायचीस?

आई : पाणी देऊ, वन्सं?

आत्या : नको. बस जरा. आडवी नको होऊस, नुसती बस. आणि उद्या आधी पळून ये. उशीर होऊ दे. मी थांबते.