काटा तिच्याकडे

— नाही, नाही, आधी हात काढा तिथून! जीपीएस बसवा ना, कोण नको म्हणतंय — पण हा गोल तबकडीतला दिशेचा काटा कशाला उपटताय? जागा नाही म्हणे! अहो मेकॅनिकसाहेब, या टपालाच्या विमानात माझी ढेरी मावते, तुमचा पडदा नाही मावत? कंपनीचा हुकूम... हो, वाचलाय. काटा बिनभरवशाचा. खरंय. विमानतळाच्या रेडिओ बीकनचा मनोरा दाखवता दाखवता ढगात वीज चमकली की तिकडे मान वळवायचा — रस्त्यात भांडण दिसलं की आमचा मेहुणा वळवतो तशी. तुमच्या उपग्रहाचं तसं नाही. बीकन पाडून टाकला तरी त्याचं नाव धरून बसतो आणि आपल्याला बरोब्बर त्या मोकळ्या जागेवर नेऊन सोडतो. केवढा गुणी!

पण गाणी लागतात का त्यावर? यावर लागायची. बीकनऐवजी रेडिओ स्टेशन लावायचं — काटा त्यांच्या टॉवरकडे, आवाज आपल्या कानात. सगळेच लावायचे. मी जरा जास्तच. का म्हणजे? सकाळच्या बातम्या आमची बायको द्यायची — म्हणजे तेव्हा नव्हती आमची. पाऊस कुठे पडणार हेसुद्धा अशी सांगायची, जणू मलाच दम देतेय. लग्नानंतर खरंच द्यायला लागली! निघताना कडाक्याचं भांडण, आणि वर गेलो की हीच बाई कानात गोड नमस्कार म्हणतेय, काटा तिच्याकडे. उलट बोलायची सोय नाही, एवढंच — तशी सोय घरीही नव्हती.

आता कुठलं? स्टेशन बंद पडलं. आणि तिचं... घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. पूर्ण. बाकी ठणठणीत आहे हो, भांडते तर अजून — हातवारे करून. मी मान फिरवली की भांडण संपलं, म्हणून फिरवत नाही. नाही फिरववत. पण वर गेलो की अजून तेच स्टेशन लावतो. नुसती खरखर. काटा आपला गरगर फिरतो, शोधत बसतो वेडा. त्याला कोण सांगणार? म्हणून म्हणतो, राहू द्या ना एवढा —

थांबा, फोन. तिचाच. दवाखान्यात गेली होती, तपासणीला. काय म्हणतेय... काहीच नाही. नुसतं लोकेशन पाठवलंय. हा बघा ठिपका. मी इथे आहे, या न्यायला — एवढंही लिहिलं नाही, नुसता ठिपका.

हेही तुमच्या त्या उपग्रहावरच चालतं ना?

हं.

काढा तो काटा. माझ्या तोंडाकडे काय बघताय? काढा म्हटलं ना! आणि ती शिडी सरकवा आधी, मला उतरू द्या.