कुठं दुखतंय, रणजित?

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न आहे. विश्वास ठेवावा कुणावर? ज्याला सगळं माहीत आहे त्याच्यावर — की जो म्हणतो, ‘बाबा रे, मला माहीत नाही’, त्याच्यावर?

हे पुढचे काका म्हणतात, माहीत असलेल्यावर! ठीक. तुम्ही शहाणे. आता शहाण्यांनीच ऐका.

एका तालुक्याच्या गावात रणजित नावाचा तरुण होता. मोटारींच्या सीटा शिवायचा. हात असा, की टाका दिसायचा नाही! मिशी कोवळी, बोलणं थोडं. जन्मला तेव्हा दाई म्हणाली, मुलगी झाली. आईबापांनी नाव मुलीचं ठेवलं. पण कळायला लागल्यापासून ह्याला आतून ठाऊक — मी मुलगा! ते जुनं नाव काय? नाही सांगणार! त्यानं टाकलं, आपण कशाला उचलायचं?

आता देहही मनासारखा व्हावा, तर औषध लागतं. विचारायचं कुणाला? डॉक्टरला विचारलं तर संध्याकाळपर्यंत गावभर! म्हणून गेला व्यायामशाळेच्या उत्तम पैलवानाकडे. पैलवानाला काय — सगळं माहीत!

‘हे इंजेक्शन घे. दाढी येईल. पण डॉक्टरच्या नादी लागू नको हां. तुझ्यासारख्याला बघितलं की ते पोलिसांची गाडी बोलावतात.’

मंडळी, हे खरं का? साफ खोटं! पण रणजितला ते कळावं कसं? खरं सांगणारा एक तरी भेटायला हवा ना!

पुढं पोटात खाली, उजव्या अंगाला दुखायला लागलं. सोसलं, सोसलं, आणि शेवटी एका खाजगी दवाखान्यात गेला. बायकांचा दवाखाना. बाकावर पोटुशा सुना, त्यांच्या सासवा. सगळ्यांचे डोळे ह्याच्यावर! एका सासूनं तर पदर सावरून पर्स मांडीखाली घेतली!

काउंटरवरची बाई म्हणाली, ‘पेशंट कुठाय?’

‘मीच.’

झालं! तिनं आत पाठवलं. आतल्या डॉक्टरांनी हात लावला नाही, पोट तपासलं नाही. नुसतं वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘ही थेरं बंद कर. लग्न कर. आपोआप बरं वाटेल.’

बघा! ह्यांनाही सगळं माहीत!

रणजित घरी आला, तो मनाशी गाठ मारूनच. मेलो तरी पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही!

पण दुखणं गाठ बघतं का हो? एका सकाळी अशी कळ आली, की माणूस जमिनीवर लोळला, ओकला. घरमालकीण तायक्का धावत आली. ही तायक्का काही देवमाणूस नव्हे बरं! तिलाही ह्याचा संशयच होता — दार लावून असतो, कुणाला घरी आणत नाही, करतो तरी काय? पण पोटात पाय घेऊन पडलेला माणूस बघितला आणि म्हणाली, ‘आरं, मरशील! ऊठ!’ रिक्षात घातला आणि थेट सरकारी दवाखाना.

तिथं डॉक्टर नाईकनवरे. वयानं लहान बाई. तिनं आधी पडदा ओढला. रणजितच्या मनात आलं — पडदा का? तिनं विचारलं, ‘तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ ह्याला वाटलं — एवढी गोड का बोलते? पेच आहे काहीतरी!

‘कुठं दुखतंय, रणजित?’

त्यानं दाखवलं. तिनं पोट तपासलं, सोनोग्राफी केली, चेहरा गंभीर केला आणि बाहेर जाऊन फोन लावला. पडद्याआडून ह्याला ऐकू आलं —

‘गाडी पाठवा. लगेच! हो, इथंच आहे. मी त्याला सोडत नाही.’

अरे देवा! पैलवान खरं बोलला! रणजित खाटेवरून उतरला. भिंत धरून, वाकून, मागच्या दारानं निघाला. दाराशी तायक्का उभी!

‘कुठं निघालास?’

‘सोडा अक्का! पोलीस बोलावलेत!’

तोवर डॉक्टर धावत आली. ‘पोलीस? अहो, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली! तुमच्या अंडाशयाला पीळ बसलाय असं दिसतंय. इथं ऑपरेशन होत नाही. जिल्ह्याला न्यायला हवं, आणि वेळ घालवून चालणार नाही.’

रणजितनं तिच्याकडं रोखून बघितलं. म्हणाला, ‘मी इंजेक्शनं घेतो. त्यानं झालं हे?’

मंडळी, आता हिनं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं! ‘हो’ म्हटलं असतं, तरी कोण विचारणार होतं? पण ती म्हणाली —

‘मला माहीत नाही. आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही. माझ्या मॅडमना विचारते आणि खरं काय ते सांगते. तोवर ते इंजेक्शन घेऊ नका.’

आणि काय सांगू! इतक्या वर्षांत भेटलेलं हे पहिलं माणूस, ज्याला सगळं माहीत नव्हतं! रणजितचा हात भिंतीवरून सुटला. मुकाट्यानं जाऊन गाडीत बसला.

ऑपरेशन झालं. एक अंडाशय काढावं लागलं. पहिल्याच दवाखान्यात नीट तपासलं असतं, तर कदाचित वाचलं असतं. जिल्ह्याच्या दवाखान्यातही प्रश्न निघालाच, ह्याला कुठल्या वॉर्डात ठेवायचं? नाईकनवरे बाईनं फोनवर भांडून कोपऱ्यातली वेगळी खोली मिळवली. उशाशी तायक्का. आणि आठवड्याभरानं डॉक्टरचा फोन आला — विचारलं होतं तिनं! ह्या विषयातल्या डॉक्टरांचं नाव दिलं, म्हणाली, ‘इंजेक्शनानंच झालं, असं ठाम सांगता येत नाही. पण औषध घ्यायचं तर त्यांच्या देखरेखीखाली घ्या, रक्त तपासून घ्या.’ रणजित गेला. आज बरा आहे. सीटा शिवतो.

तर मंडळी, आपण त्या बाकावर असतो तर? आपल्याला बघताक्षणी सगळं कळतं ना! चालणं बघितलं, कळलं. आवाज ऐकला, कळलं. आत्तासुद्धा तुमच्यातले दोघं-तिघं मनात म्हणतायत — बुवांना त्या माणसाची एवढी बित्तंबातमी कशी? कोण लागतो हा बुवांचा?

आला का नाही संशय? देवळात बसून आला!

लागतो. कोण लागतो ते प्रसाद घेताना खुशाल विचारा. पण आधी विचारा, बुवा, त्याची तब्येत कशी आहे?

म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!