विषम अंक

—तिथे नको गं, त्या खुर्चीवर प्लास्टर सांडलंय, कपडे पांढरे होतील. इकडे बस. त्या कवळ्यांकडे बघू नकोस, लोकांचे दात आहेत, चावत नाहीत. हं, तर तुझ्या बाबानं पाठवलं म्हणतेस. माझ्याकडे. सत्तावीस वर्षांनी. दोन वर्षांची होतीस तू, खांद्यावर बसून माझे केस ओढायचीस. आता रस्त्यात दिसली असतीस तर ओळखलं नसतं मी, सख्खी पुतणी असून. आणि त्याचे डोळे — पार गेले? उजेडसुद्धा नाही? अरेरे. आणि निरोप काय, तर दादाला म्हणावं, विषम अंक सांगायला ये. वेडाच आहे तो. पन्नाशी उलटली तरी त्या सप्तरक्षकांच्या चित्रकथा काही सुटल्या नाहीत.

तुला ती वाटणी ठाऊक आहे ना? लहानपणापासून दोघांनी मिळून जमवलेले अंक, एकही चुकवला नाही. तो लग्न करून वेगळा निघाला तेव्हा प्रश्न आला, हे कोणाचे? मी म्हणालो माझे, तो म्हणाला माझे, दोघेही हमरीतुमरीवर. आई उठली, जमिनीवर बसली आणि पत्ते वाटावेत तसे वाटले तिनं — एक मोठ्याला, एक धाकट्याला. विषम माझे, सम त्याचे. पुढचेही तसेच घ्यायचे. आणि शपथ घातली, दुसऱ्याचा अंक विकत घ्यायचा नाही, वाचायचा तर भावाच्या घरी जाऊन वाचायचा. हुशार बाई! तिला काय त्या उडणाऱ्या माणसांचं पडलं होतं? पोरं एकमेकांकडे जात राहावीत, एवढंच. आणि जात होतो ना आम्ही, दर रविवारी.

मग? मग तुझ्या बाबाचं डोकं फिरलं. नाही, म्हणजे — काहीतरी बोलला तो मला. आता शब्द आठवत नाहीत. जाऊ दे.

वाचून कोण दाखवतं त्याला, तू? बरं करतेस. कुठवर आलात? हो, हो, सातांतला तो पोलादी दरीत पडतो तो भाग. आणि बाबा रडला? अगं, त्यात रडण्यासारखं काय, तो खरा पोलादी नसतोच, त्याच्यासारखा दिसणारा यंत्रमानव असतो, चारशे चौसष्टमध्ये त्यांच्यातलीच भिंगरी त्याचं डोकं उघडते तेव्हा—

अशी काय बघतेस?

चौसष्ट. हो, सम आहे. कोणीतरी सांगितलं असेल. दुकानदारानं. दुकानात उभा होतो, पान उघडं होतं, नजर गेली— हे बघ, तू वकील आहेस का? नाही ना? मग असे प्रश्न विचारू नकोस.

ती आतली खोली दिसते? कुलूप आहे. रंगाऱ्यालाही आत जाऊ दिलं नाही मी, तेवढी खोली तशीच ठेवायला लावली. कोणी नातेवाईक मुक्कामाला येत नाही, येऊच देत नाही. दुसऱ्या शहरात मोठ्या दवाखान्यात कवळ्या बनवायच्या नोकरीला बोलावलं होतं, गेलो नाही — सामान हलवायचं तर हमाल आत येणार, अंक मोजले जाणार, लोक म्हणणार, अरे, हे तर सगळे आहेत!

सगळे आहेत, बाळ. एकापासून चारशे सहासष्टपर्यंत. जुने समसुद्धा रद्दीवाल्यांकडे हिंडून मिळवले.

एकशे एक्केचाळीसच्या शेवटी भिंगरीला विहिरीत बंद करतात. मी रविवारी धावत गेलो तुमच्याकडे, तर दाराला कुलूप. तुझ्या आजोळी गेला होतात आठ दिवस. आठ दिवस! मला काही धीर निघेना. घेतला मी बेचाळीस. एकच घेईन म्हटलं. पुढच्या रविवारी तुझ्या बाबानं कोरा अंक माझ्यापुढे ठेवला — त्यानंही उघडला नव्हता गं, दादा आला की बरोबर वाचू म्हणून. मी भराभर पानं उलटली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "दादा, तुला आवडला नाही का?"

बस, एवढंच बोलला तो. एवढंच. मीच उखडलो. पोरखेळ आहे हा, बायकोपोराचा झालास आता, लाज वाटू दे — वाटेल ते बोललो. आणि निघालो. आई शेवटपर्यंत त्यालाच बोल लावत गेली, मी लावू दिला.

काय? तेव्हापासून आजवर एकही विषम उघडला नाही त्यानं? मधलं सगळं मनानंच रचतो? तुला झोपवताना तेच सांगायचा? सांग बरं, त्रेचाळीसमध्ये विहिरीतून कशी सुटते ती? ... बाकीचे सहाही जण आपल्या केसांची दोरी वळतात? हं. नाही गं, छापलेलं तसं नाही. छापलेलं फार साधं आहे, विहिरीच्या तळाशी एक दार असतं, ते उघडंच असतं.

आता तू सांग, मी कसा येऊ? विषम मी सांगेन, पण मग तो म्हणणार, दादा, आता सम तू ऐक. लहान पोरासारखा रंगून सांगणार. आणि मी तिथे बसून नवल करायचं? आंधळ्या माणसासमोर? त्याला तर माझं तोंडही दिसायचं नाही, पटेल त्याला, लगेच पटेल. तेच तर नकोय.

नाही, रडू नकोस. ऊठ. संध्याकाळपर्यंत ही कवळी द्यायचीय, एक म्हातारी कधीची उपाशी बसलीय. त्याला म्हणावं, काका घरी नव्हते. पुन्हा आलीस तरी नसतील. जा.